तिसरा नकार

धनाजी झांबरेची पहिली नोकरी गेली ती यंत्रापायी आणि दुसरी गेली ती सभ्यपणापायी.

यंत्राचं दुःख त्यानं फार केलं नाही, कारण ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. बसच्या दाराला डोळा बसवला गेला, चढणाऱ्याच्या खिशातल्या फोनशी तो डोळा परस्पर बोलून तिकीट कापू लागला, आणि बघता बघता जिल्ह्यातले सगळे कंडक्टर घरी बसले. तासगावला निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल मिळाली, हार मिळाला, आणि यंत्र माणसाला मोठ्या कामासाठी मोकळं करतं असं एका साहेबांनी भाषणात सांगितलं. धनाजी मोकळा झाला. मोठं काम काही आलं नाही.

मग भत्ता आला. सरकारनं बेकारांसाठी निर्वाह भत्ता सुरू केला होता. त्याच्या जोडीला दवाखान्याचं कार्ड होतं, आणि नवराबायको दोघांच्या घराला तेवढ्यावर कसंबसं निभावता येत होतं. अट एकच होती. योग्य नोकरी देऊ केली तर ती घ्यायची. तीनदा नाकारली, की भत्ता बंद आणि कार्डही बंद. नोकऱ्या शोधून देण्याचं कंत्राट 'सुमेळ' नावाच्या कंपनीकडं होतं, आणि कंपनीचं बोलावणं फोनवर यायचं.

पहिलं बोलावणं आलं तेव्हा धनाजी जेवत होता.

"नमस्कार, धनाजीराव," एक बाई बोलली. "जेवण चाललंय वाटतं. नंतर करू का?"

आवाज यंत्राचा होता हे त्याला माहीत होतं, तरी तो घास बाजूला ठेवून सावरून बसला. धनाजीराव म्हणून त्याला फक्त त्याचे सासरे हाक मारायचे, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"नाही, नाही. बोला की."

"बेदाण्याच्या शीतगृहात आवकजावक बघायची जागा आहे. तुमच्या घरापासून जवळच. घ्याल का?"

आता आपल्याकडं पहिल्या झटक्यात 'हो' म्हणायची पद्धत नाही. पंगतीत जिलबी वाढायला आली की पोटात भूक असली तरी आधी हात आडवा जातो. वाढणारा आग्रह करतो, पुन्हा हात आडवा जातो, आणि तिसऱ्यांदा जिलबी पानात पडते. न मागता एकदम नोकरी समोर आल्यावर धनाजीचाही हात असाच आडवा गेला.

"असू दे, असू दे," तो म्हणाला. "आमच्यापेक्षा गरजू माणसं आहेत. आधी त्यांचं बघा."

"आपला नकार नोंदवला आहे. धन्यवाद," बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्याच्या बायकोला, सारिकाला, आधी काही कळेना, आणि कळल्यावर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो, ती काय जिलबी वाढत होती व्हय? आग्रह करील म्हणून बसलाय ते."

धनाजीही हसला. पण भत्त्याच्या केंद्रावर जाऊन रदबदली केली तेव्हा कळलं की नोंदलेला नकार पुसता येत नाही. शीतगृहातली जागा भरल्याचंही पुढं कधी कुणाच्या कानावर आलं नाही.

दुसरं बोलावणं तीन-चार महिन्यांनी आलं. आवाज तोच, अगत्य तेच. जोगळवाडीच्या खडीच्या खाणीवर मुकादमाची जागा होती. गाड्या मोजायच्या, सावलीत बसायचं. बाईनं नाव उच्चारल्याबरोबर धनाजीनं "नाही" म्हटलं. या खेपेला त्यात सभ्यपणाचा लवलेशही नव्हता. त्या खाणीत त्याचे वडील दगडाखाली सापडले होते. बारा वर्षांचा धनाजी डबा घेऊन गेला होता आणि डबा तसाच घेऊन परत आला होता.

"बरं केलंत," सारिका म्हणाली. ती लसूण सोलत होती, तिचा हात मध्येच थांबला. "पण त्यांना कुणी सांगितलं?"

कुणीच नव्हतं सांगितलं. भत्त्यासाठी नाव नोंदवताना तासभराची ओळखमुलाखत व्हायची, तिथं वडील काय करायचे असं विचारलं होतं आणि धनाजीनं "खाणीवर होते" एवढंच उत्तर दिलं होतं. उत्तर द्यायच्या आधी तो क्षणभर थांबला होता. दुसरं काहीच नाही.

तेवढं थांबणं पुरेसं होतं.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं, आणि ते सांगताना कुणाला शिव्या देऊन भागणार नाही, कारण त्याची सुरुवात चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूनं केली होती. लोक मिळालेल्या नोकऱ्या सोडून का जातात, हे शोधायला काही संशोधक बसले होते. माणसाला काय आवडतं ते विचारून त्यांनी नोकऱ्या जुळवून पाहिल्या, आणि त्यात काही राम नाही असं त्यांना दिसलं. आवड सकाळी एक असते, संध्याकाळी दुसरी. नकार मात्र टिकतात. माणूस काय घेईल ते सांगता येत नाही, पण काय मेलं तरी घेणार नाही ते वर्षानुवर्षं बदलत नाही, आणि ते बोलण्यात उमटतं. उत्तर देण्याआधीचा श्वास, शब्दाच्या शेवटी खाली पडणारा सूर, मध्येच गिळलेला आवंढा, हे सगळं मोजून त्यांनी माणसाच्या मनाची एक नक्कल बांधली. तिला त्यांनी प्रतिमन असं नाव दिलं. प्रतिमनाला कल्पनेतल्या लाखो नोकऱ्या क्षणात विचारता येत होत्या, आणि ज्या नोकऱ्यांना ते नकार देई त्या गाळून उरलेल्या खऱ्या माणसापुढं ठेवायच्या, अशी योजना होती.

त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. माणूस स्वतःसाठी जितके नकार देतो, त्याहून कितीतरी जास्त तो घरच्यांसाठी देतो. म्हणून मग एकट्या माणसाचं प्रतिमन न बांधता घराचं बांधू लागले. फोन उचलणारी बायको, मागून हाक मारणारी सासू, कुणाचा खोकला, कुणाचं हसणं, सगळं त्यात जमा व्हायचं. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत याला संमती होती. ती कोण वाचतो?

पुढचं धनाजीला रुखसाना बागवान यांनी सांगितलं. त्या केंद्राच्या खिडकीत बसायच्या आणि दुपारी चहाच्या गाड्यावर भेटायच्या. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या आणि त्यांच्या दोन बढत्या त्यापायीच गेल्या होत्या.

"दादा, कंपनीला पैसे कशाचे मिळतात? भत्त्यावरून उतरलेल्या नावाचे," त्या म्हणाल्या. "माणसाला नोकरी लागली तरी नाव उतरतं, आणि तीन नकार झाले तरी उतरतं. हिशोबाला दोन्ही सारखंच. आता नोकऱ्या आहेत कुठं? पण नकार पाहिजे तेवढे मिळतात. यंत्रानं आपणहून चाळणी उलटी धरली. कुणी तसा हुकूमसुद्धा दिला नाही. जी नोकरी तुम्ही नाकारणार, तीच ते काढून तुमच्यापुढं ठेवतंय."

"म्हणजे ते शीतगृह?"

"तुम्ही पहिल्यांदा नाही म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या भागातल्या निम्म्या लोकांचा पहिला नकार तसाच गेलाय."

"आणि एखाद्यानं हो म्हटलं तर?"

बागवान बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मी वरच्या मीटिंगला विचारलं होतं, की या जागा खरंच आहेत का. साहेब म्हणाले, आजवर कुणी हो म्हटलंय का? मग असण्या-नसण्याचा प्रश्न येतोच कुठं."

धनाजी घरी आला. आपल्यासारखा एक धनाजी कुठल्यातरी यंत्रात बसलाय, आणि त्याला कुणीतरी रात्रंदिवस नकोनकोशा नोकऱ्या विचारतंय, ही कल्पना त्याला जेवू देईना. त्या धनाजीला झोप तरी लागत असेल का, असं त्यानं सारिकाला विचारलं. सारिकानं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तिसरं बोलावणं श्रावणात आलं.

"धनाजीराव, मालवणच्या बाजूला खाडीत पर्यटकांची फेरीबोट सुरू होतेय," बाई म्हणाली. "जुन्या काळचा कंडक्टर हवाय. खाकी गणवेश, चामड्याची पिशवी, हातात पंच. तिकीट कागदाचं. लोकांशी बोलायचं, गमतीजमती सांगायच्या. राहायला एकट्यापुरती खोली, सुट्टी दोन महिन्यांतून एकदा. मुदत वर्षाची. दिवाळीच्या पाडव्याला रुजू व्हायचं."

धनाजीच्या अंगावर काटा आला, कारण एवढी मनासारखी नोकरी त्याला स्वप्नातसुद्धा सुचली नसती. गणवेश उतरवल्यापासून त्याच्या उजव्या हाताला पंचाची सवय सुटली नव्हती. टीव्ही बघताना त्याची बोटं हवेत तिकिटं फाडायची.

"घाई नाही," बाई म्हणाली. "दसऱ्याला सकाळी मी विचारीन. मात्र हो म्हणून गेला नाहीत, तर तो नकार धरला जाईल."

सारिका खूश झाली. "एक वर्ष कसं जाईल कळणारबी न्हाई. जावा. मी राहीन की."

"अगं, पण मी नाकारणार असल्याशिवाय ते हे देणारच नाही."

"मग नाकारू नका. संपलं."

सांगायला सोपं होतं. धनाजीला मात्र ते कारण शोधून काढल्याशिवाय चैन पडेना. जे आपल्याला ठाऊक नाही ते यंत्राला ठाऊक आहे, आणि ते आपल्याच आत कुठंतरी आहे. पाण्याची भीती असेल म्हणून तो तलावावर जाऊन पोहून आला. मजेत पोहला. एकटं राहणं जमणार नसेल म्हणून चार दिवस विट्याला मित्राच्या रिकाम्या खोलीवर राहून आला. तेही जमलं. बोटीचा मालक वाईट असेल म्हणावं, तर यंत्र मालकाचा स्वभाव कशाला बघेल? ते बघणार धनाजीचा.

मग त्याच्या डोक्यात नको तो किडा शिरला. आपण संशयी तर नाही ना? बायकोला वर्षभर एकटी ठेवायची वेळ आली, की आपला पाय निघणार नाही, हे तर यंत्रानं ओळखलं नसेल? आणि आपण संशयी असू, तर त्याला काही कारण असेल का?

वीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोवर कधी नजर ठेवली नव्हती. आता तो ठेवू लागला. फोन कुणाचा होता, भाजी आणायला एवढा वेळ का लागला, शेजारच्या बाईशी हळू आवाजात काय चाललं होतं. सारिकानं आठ-दहा दिवस सोसलं आणि एका सकाळी दोरीवर कपडे घालताना ती त्याच्याकडं वळली.

"मला काय विचारायचंय ते एकदाच विचारा. पोलिसासारखं मागं मागं फिरू नका."

धनाजीला लाज वाटली. पण त्याची नजर तिच्या हातांवर होती. कपड्याचा चिमटा ती दोन्ही हातांनी दाबत होती. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट चिमट्यावर नुसतेच टेकत होते, चिमटा उघडत नव्हता.

"हाताला काय झालं?"

"काय न्हाई. झोपेत अवघडलाय. उगं विषय बदलू नका."

ती रागात बोलत होती, आणि रागात तिचं बोलणं नेहमी टाचणीसारखं टोचायचं. आज शब्दांना टोक नव्हतं. जीभ दमल्यासारखी शब्द मागं ठेवून पुढं चालली होती. मग त्याला एकेक आठवू लागलं. पाणी पिताना तिला लागणारा ठसका. खालून भाजीवाल्यानं "काय म्हणालात वहिनी?" असं दोनदा विचारणं. पाठीमागं फिरून त्यानं एवढं सगळं पाहिलं होतं, आणि मनात भलतंच काही शोधत असल्यामुळं त्यातलं काहीच त्याला दिसलं नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला आपण का जाणार नाही, ते त्याला तिथं दोरीखाली उभ्या उभ्या कळलं. ते कारण त्याच्यात नव्हतंच. घरातला फोन पुष्कळदा तीच उचलायची. श्वास तिचाही मोजला जात होता.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी चार दिवस तपासण्या केल्या. स्नायूंपर्यंत मेंदूचा निरोप पोचवणाऱ्या नसा एकेक करून वाळत जातात, असा तो आजार होता. आधी हात आणि जीभ, मग पाय, मग गिळणं, आणि शेवटी श्वास. बरा होत नाही. नव्या औषधानं सावकाश होतो, आणि औषध लवकर सुरू केलं तरच त्याचा उपयोग. औषधाची किंमत त्यांनी सांगितली आणि लगेच पुढं म्हणाल्या, "तुमच्या कार्डावर बसतं. काळजी करू नका."

धनाजीनं खिशातलं कार्ड हातानं चाचपलं.

"इतक्या सुरुवातीला सहसा कुणी येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या लक्षात कसं आलं?"

"नोकरीचं बोलावणं आलं म्हणून," धनाजी म्हणाला. त्यांनी त्याच्यासाठीही झोपेची गोळी लिहून दिली.

घरी आल्यावर त्यानं सारिकाला सगळं सांगितलं. संशय घेतल्याचंही सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली. मग म्हणाली, "म्हणजे मला कळायच्या आधी त्या बाईला कळलं. आणि तिनं काय केलं, तर तुम्ही नाकारावी म्हणून नोकरी काढली."

दसऱ्याच्या सकाळी फोन आला. सारिका खाटेवर बसून होती. धनाजीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. 'नाही' म्हटलं तर औषध गेलं. 'हो' म्हटलं आणि जागा खरीच निघाली, तर तिला अशा दिवसांत सोडून जावं लागणार, आणि तो जाणार नव्हता, म्हणजे पुन्हा नकारच. बागवान बाई चहाच्या गाड्यावर जे बोलल्या होत्या तेवढ्याच्या भरवशावर त्यानं तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला. "येतो मी."

पलीकडं शांतता पसरली. आतापर्यंत त्या आवाजामागं श्वास असायचा, बारीकसा, माणसासारखा. आता तोही नव्हता.

"कृपया पुन्हा सांगा."

"येतो. पाडव्याला रुजू होतो."

"धनाजीराव," बाई हळू आवाजात म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना?"

धनाजीनं सारिकाकडं पाहिलं. तिचे डोळे फोनवर खिळले होते.

"ठीक आहे."

"वहिनींची तब्येत कशी आहे? त्या एकट्या राहू शकतील?"

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. पलीकडची बाई त्याच्याकडून 'नाही' काढून घेण्यासाठी त्याच्या काळजाला बोट लावत होती, आणि तिच्या आवाजात खरीखुरी माया होती.

"तिची तब्येत उत्तम आहे," तो म्हणाला. "गणवेश कुठं मिळणार ते सांगा."

मग त्याच आवाजात, पण सगळं अगत्य निथळून गेलेलं उत्तर आलं. "सदर जागा प्रशासकीय कारणास्तव रद्द करण्यात आली आहे. आपल्या नावावर दोन नकार कायम आहेत."

सारिका हसली. तिचं हसणं आता एका बाजूला ओढलं जायचं, पण ते हसणंच होतं.

त्यानंतर धनाजी प्रत्येक बोलावण्याला 'हो' म्हणू लागला आणि प्रत्येक जागा रद्द होऊ लागली. त्यानं ही युक्ती इतरांना सांगितली आणि तालुक्यात बऱ्याच जणांचे भत्ते वाचले. कुणाला दारूच्या गुत्त्यावर बोलावणं यायचं, कुणाला फारकत घेतलेल्या बायकोच्या दुकानात. सगळे डोळे मिटून 'हो' म्हणायचे.

औषधानं आजार रेंगाळत चालला, थांबला नाही. पुढच्या पावसाळ्यात सारिकाचे पाय गेले. बोलणं थांबलं तेव्हा डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालत होतं. त्या बोटानं ती पाटीसारख्या पडद्यावर अक्षरं दाबायची आणि पडदा ते वाचून दाखवायचा, तिच्याच आवाजात. आजार लवकर कळल्याचा हा एक फायदा झाला होता, तिचा आवाज धड होता तेव्हाच तो साठवून ठेवता आला होता. त्यामुळं घरात तिचा आवाज वावरत होता, टोचणारा, टोकदार, आणि त्या आवाजाखाली ती स्वतः गप्प बसलेली असायची. धनाजीला सुरुवातीला ते बघवत नसे. मग सवय झाली.

आणि याच दिवसांत त्याला एक गोष्ट उमगली. बोलावणी सगळी लांबची येत होती. चंद्रपूर, अक्षय्यतृतीयेपासून. रत्नागिरी, नागपंचमीपासून. गोंदिया, दिवाळीपासून. यंत्र तीच नोकरी पुढं करतं, जी तो नाकारणार. तो घर सोडून जाणार नाही, असं यंत्र अजून धरून चाललंय, म्हणजे त्या त्या तारखेला घरी सोडून न जाण्यासारखं कुणीतरी असणार आहे. त्यानं हे सारिकाला सांगितलं, तेव्हा तिला ते आधीच कळलेलं होतं.

मग त्या बोलावण्यांची ते वाट पाहू लागले. किती दिवस हातात आहेत ते डॉक्टरीणबाई तोंडानं सांगायच्या नाहीत, ही बाई सांगायची. फोन वाजला की धनाजी तो मोठ्या आवाजावर टाकी आणि दोघं कान देऊन ऐकत.

"गडचिरोली. होळीपासून," बाई म्हणे.

"हो, येतो," धनाजी म्हणे, आणि जागा रद्द झाली की चहा टाके. त्या दिवशी सारिकाचा आवाज घरात जास्त बोलायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढायचा. ज्या फोननं त्याच्या घरात चोरासारखे कान लावले होते, त्याच फोनवर धनाजीचा जीव टांगलेला राहू लागला, आणि याची त्याला शरमही वाटेनाशी झाली.

माघात एका दुपारी फोन वाजला. सारिकाला पेज भरवून झाली होती. धनाजीनं तिचं तोंड पुसलं, नॅपकिन खांद्यावर टाकला आणि फोन घेतला.

"नमस्कार, धनाजीराव. तुमच्याच गल्लीत, मारुतीच्या देवळाशेजारी वाचनालय सुरू होतंय. पुस्तकं द्यायची, घ्यायची, आल्यागेल्याशी बोलायचं. सकाळी दहा ते पाच. दुपारी जेवायला घरी येता येईल. गुढीपाडव्यापासून."

धनाजी 'हो' म्हणायला तोंड उघडून बसला होता. ते तसंच राहिलं.

आजवर एकही बोलावणं जवळचं आलं नव्हतं. दारातून हाक मारली तर ऐकू जाईल अशा जागेला तो नाही म्हणेल, असं यंत्राला का वाटावं? सारिकाला सोडावं लागणार नव्हतं. दर दुपारी घरी यायचं होतं. याच घरी. याच खोलीत. त्यानं नाकारावी असं त्या नोकरीत फक्त तेच होतं, दर दुपारी या घरात परत येणं. आणि ते गुढीपाडव्यापासून त्याला नको होणार होतं.

बाहेर कुणीतरी मोटार चालू करून टाकीत पाणी चढवत होतं. तो आवाज त्याला फार मोठा वाटू लागला. सारिकाकडं बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि तरी बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती. तिला कळलं होतं. त्याच्याआधीच कळलं होतं.

"आत्ता सांगता, की विचार करून कळवाल?" बाईनं विचारलं. आवाजात तीच माया होती.

"नंतर..." धनाजी म्हणाला. "नंतर करा."

सारिकाचं बोट पडद्यावर हललं. एकेक अक्षर, मग थांबणं, मग पुढचं. धनाजी फोन हातात धरून उभा राहिला.

"हो म्हणा," तिचा आवाज म्हणाला.

त्यानं मान हलवली. पुन्हा हलवली.

बोट पुन्हा हललं. या वेळी बराच वेळ लागला. पलीकडची बाईही ऐकत असावी, कारण तिनं फोन ठेवला नाही.

"या टायमाला लबाडीनं न्हाई. खरंच रुजू व्हा. जागा रद्द केली तर दुसरी बघा, पण इथंच. घराला कुलूप घालून पुतण्याकडं जाऊन पडायचं न्हाई. दुपारी यायचं. चूल पेटवायची. खिडकी उघडायची."

"पाडव्याला अजून वेळ आहे," धनाजी कसाबसा म्हणाला. "यंत्र चुकेल. ते देव आहे काय?"

"चुकंल की. तुम्ही हो म्हणालात की चुकंल."

धनाजीनं डोळे पुसले. सव्वा वर्षात त्यानं कितीतरी वेळा 'हो' म्हटलं होतं, आणि त्यातल्या एकाही 'हो'ला काडीचं वजन नव्हतं. आता तेच अक्षर घशातून वर येईना. सारिका त्याच्यावरून नजर काढत नव्हती. तिला आता मान वळवता येत नव्हती, म्हणून तोच तिच्यासमोर जाऊन खाटेच्या कडेला बसला.

"हो," तो फोनमध्ये म्हणाला. "येईन मी."

बाई नेहमीसारखी गप्प झाली. पुढं ती काय म्हणते, ते धनाजीनं ऐकलं नाही. त्यानं फोन पालथा ठेवला, सारिकाचा हात हातात घेतला आणि पुन्हा एकदा सांगितलं, या वेळी तिलाच.

"दुपारी जेवायला घरी येईन."